अंबडच्या वर्कशॉपमधली 'इमॉर्तालिते': हल उत्तम, पाया चुकलेला

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या थ्री-डी प्रिंटिंग वर्कशॉपने यंदा १:३५० प्रमाणात ब्रिटिश क्रूझर 'इमॉर्तालिते'चे रेझिन किट काढले आहे. किंमत ५,८०० रुपये. पितळी फोटो-एचच्या (रसायनाने कोरलेल्या बारीक भागांच्या) दोन शीट त्यातच येतात, मॉडेल ज्यावर ठेवायचे त्या समुद्राच्या पायाचे मात्र ७५० रुपये वेगळे. डब्यावर 'मनिला, १८९८ : तटस्थ युद्धनौका' असे छापले आहे. आरमारी मॉडेलांच्या बाजारात लढणारी जहाजे हवी तेवढी मिळतात. दुसऱ्यांचा वेढा बघत उभे राहिलेले जहाज कोणी किटचा विषय करत नाही, आणि नाशिकमध्ये बसून कोणी हे केले याचा मनापासून आनंद आहे. किट घेण्यासारखे आहे. मात्र डब्यावर 'तटस्थ' लिहून आतले निम्मे सामान लढाईला निघालेल्या जहाजाचे भरले आहे. ते दुरुस्त करायला पैसे फारसे लागत नाहीत, पण काय दुरुस्त करायचे हे आधी कळायला हवे.

त्यासाठी मनिलाच्या उपसागरात काय चालले होते ते पाहू. स्पॅनिश-अमेरिकन युद्ध सुरू होते आणि फिलिपिन्समधले मनिला शहर स्पेनच्या ताब्यात होते. १ मे १८९८ रोजी कमोडोर ड्यूईच्या अमेरिकन तुकडीने मनिलाजवळच्या काविते इथे स्पॅनिश आरमार बुडवले. शहर घ्यायला त्याच्याकडे पायदळ नव्हते, म्हणून त्याने उपसागराची नाकेबंदी केली आणि फौजेची वाट पाहत तो थांबला. जमिनीच्या बाजूने बंडखोर नेता आगिनाल्दोच्या फिलिपिनो सैन्याने शहराला वेढा घातला. अमेरिकन पायदळाची पहिली तुकडी ३० जूनला पोचली. शहर पडले १३ ऑगस्टला. या साडेतीन महिन्यांत ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आणि जपान यांच्या युद्धनौका तिथे येऊन नांगर टाकून राहिल्या. 'इमॉर्तालिते' मे महिन्यातच आली. कॅप्टन होता एडवर्ड चिचेस्टर.

या जहाजांचे काम काय? आपल्या देशाच्या नागरिकांवर आणि व्यापारी जहाजांवर लक्ष ठेवणे, शहरातून बाहेर पडलेल्यांना आसरा देणे, आणि मायदेशी अहवाल धाडणे. मनिला-हाँगकाँग तार ड्यूईने २ मे रोजीच तोडली होती. त्यामुळे प्रत्येक बातमी जहाजाने सहाशेहून अधिक सागरी मैल ओलांडून हाँगकाँगला जायची आणि तिथून तारेने पुढे. याचाच परिणाम म्हणजे १२ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये युद्धविरामाचा मसुदा सह्या होऊन तयार झाला होता, आणि तरी १३ तारखेला मनिलावर हल्ला झाला. तटस्थ जहाजाचा बहुतेक दिवस नांगरावर जायचा आणि कामाची हत्यारे म्हणजे तिच्या होड्या. अधिकारी भेटीला जायचे, टपाल न्यायचे, नाकेबंदीवाल्यांची होडी ओळख पटवायला यायची, सगळे होड्यांतून. नाकेबंदीवाल्याला तटस्थ युद्धनौकेची ओळख पटवून घेण्याचा हक्क कुठवर आहे, यावर ड्यूई आणि जर्मन व्हाइस अ‍ॅडमिरल फॉन डीडरिक्स यांचे चांगलेच वाजले, आणि त्या वादात चिचेस्टरने ड्यूईची बाजू धरली.

आता किट उघडू. पॅकिंगला पूर्ण गुण. द्राक्षांच्या निर्यातीच्या पेटीत घालतात तसल्या बबल शीटच्या तीन थरांत भाग ठेवले आहेत. तोफा, होड्या आणि दावितांच्या (होड्या टांगायच्या आकड्यांच्या) फांद्या प्रिंटच्या आधारकाठ्यांसकटच आल्या आहेत, कापून दिलेल्या नाहीत, हे शहाणपणाचे. कापून पाठवले असते तर निम्मे मोडून पोचले असते.

हल, म्हणजे जहाजाचे धड, दोन तुकड्यांत, पाण्याच्या रेषेवर विभागलेला. मूळ जहाज लंबांतर (पुढच्या-मागच्या टोकांच्या लंबरेषांमधली लांबी) ३०० फूट, म्हणजे ९१.४ मीटर, आणि ५६ फूट रुंद. ३५०ने भागले की २६१ मिमी आणि ४९ मिमी येतात. हल या मापांना धरून आहे, रुंदीत अर्ध्या मिमीचाही फरक पडत नाही. नाळेचा (जहाजाच्या पुढच्या टोकाचा) पुढे आलेला, धडक मारायचा रॅम, बाजूचे फुगीर तोफमंच, दोन धुराड्यांमधले अंतर, हे सगळे नीट जमले आहे. ओर्लांडो वर्गाच्या सात जहाजांपैकी हे एक, १८८७ साली चॅटहॅमच्या गोदीत पाण्यात उतरलेले. वर्कशॉपने या वर्गाचे आराखडे मन लावून वाचले आहेत हे हल हातात घेताच कळते.

चिलखती पट्ट्याची रेघसुद्धा हलवर दिली आहे. पट्टा १० इंच जाड, २०० फूट लांब आणि साडेपाच फूट उंच. मॉडेलवर तो १७४ मिमी लांब आणि ४.८ मिमी उंच येतो, आणि तसाच आहे. गफलत वेगळीच आहे. आराखड्यात या पट्ट्याचा दीड फूट भाग पाण्यावर आणि चार फूट पाण्याखाली राहायचा होता. प्रत्यक्षात जहाजे ठरल्यापेक्षा जड झाली आणि कोळसा पूर्ण भरला की पट्टा जवळजवळ सगळाच पाण्याखाली जायचा. या वर्गावर त्या काळी सर्वांत जास्त टीका झाली ती याच गोष्टीवर. किटमधला विभाग आराखड्याच्या रेषेवर आहे, त्यामुळे जोडलेले जहाज पाण्यावर जरा जास्तच उंच बसलेले दिसते. वरच्या तुकड्याचा तळ सपाट काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून एक मिमी घासून काढावा. प्रत्यक्षातले ३५ सेंटिमीटर झाले. पेपर ओला ठेवा आणि मास्क लावा, रेझिनची भुकटी छातीत जाण्यासारखी वस्तू नाही.

घासण्याआधी एक काम मात्र चुकवू नका. वरचा तुकडा आतून पोकळ आहे आणि निचऱ्याचे भोक एकच आहे. एकाच भोकातून रेझिन पूर्ण बाहेर येत नाही, कारण हवा आत शिरायला दुसरी वाट नसते. कोपऱ्यात न सुकलेले रेझिन राहते. ते आतून भिंतीवर हळूहळू ताण आणत राहते आणि काही महिन्यांनी हलला बारीक चीर पडून चिकट थेंब बाहेर येतो. नाशिकचा एप्रिल-मे यासाठी सर्वांत वाईट. पारा ४०च्या आसपास गेला की बंद कपाटातल्या मॉडेलचेही हेच होते. उपाय सोपा. पिछाडीकडे तळात ३ मिमीचे दुसरे भोक पाडा, सिरिंजने आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन-तीनदा आतून फिरवून काढा, एक दिवस उघडे सुकू द्या आणि मग अतिनील एलईडी भोकाशी धरून प्रत्येक बाजूने पाच-पाच मिनिटे आत उजेड द्या. तळ दिसणारच नाही, तेव्हा भोके बुजवण्याचीही गरज नाही. वर्कशॉपने पुढच्या खेपेत दोन भोके दिली तर ही कटकटच मिटेल.

डोलकाठ्या आणि तोफांच्या नळ्या काही डब्यांत किंचित वाकलेल्या निघतात. ६०-६५ अंशांच्या गरम पाण्यात वीस सेकंद धरा, काचेवर ठेवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. उकळत्या पाण्यात टाकू नका, टोके मऊ होऊन चपटी होतात.

डेकच्या फळ्यांच्या रेघा जरा खोल गेल्या आहेत. साधारण ०.१५ मिमी, म्हणजे खऱ्या जहाजावर पाच सेंटिमीटर खोल चर झाला. खलाशी दगडाने रोज घासत त्या डेकवर असे चर कुठून येणार? प्राइमरचे दोन पातळ थर आणि मध्ये ८०० नंबरचा पेपर, एवढ्याने रेघा निम्म्या भरतात आणि डेक जिवंत दिसू लागतो. रंग फिकट ठेवा. घासून घासून सागवान राखट पांढरट झालेले असते, नव्या फर्निचरसारखे तांबूस नसते.

रंगाच्या पत्रकाशी मात्र भांडण आहे. त्यात संपूर्ण जहाज करड्या रंगात दाखवले आहे. ही चूक लहान नाही, साऱ्या विषयाचा जीवच तिने काढून घेतला आहे. ब्रिटिश आरमार करडे झाले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १८९८ साली शांततेचा थाट असायचा: काळा हल, पांढरे वरचे बांधकाम, पिवळसर धुराडी आणि डोलकाठ्या. उष्ण प्रदेशातल्या तळांवर हलही पांढरा असे. दोन्हींपैकी जे आवडेल ते घ्या, करडा तेवढा टाळा. मनिलात करडे होते ते अमेरिकन. युद्ध तोंडावर आल्यावर ड्यूईने हाँगकाँगमध्ये आपल्या पांढऱ्या-पिवळ्या जहाजांवर करडा रंग चढवून घेतला, आणि ब्रिटनने तटस्थता जाहीर केल्यावर त्याला ते बंदर सोडून जवळच्या चिनी हद्दीतल्या मिर्स बेला जावे लागले. त्या उपसागरात कोण लढतो आहे आणि कोण बघतो आहे हे मैलभरावरून रंगानेच कळायचे. तटस्थ जहाजाने लपायचे नसते, ठळक दिसायचे असते. तिलाच करडी केली तर डब्यावरचा 'तटस्थ' हा शब्द खोडूनच टाकावा.

धुराड्यांचा पिवळसर रंग बाजारात तयार मिळतो, पण बहुतेक बाटल्या फार भडक निघतात. पांढरा सहा भाग, येलो ऑकर तीन भाग आणि रेड ऑक्साइडचा एखादा थेंब, असे मिश्रण करून पाहा. मंद आचेवर जेमतेम भाजलेल्या बेसनाचा रंग आला की थांबा. पांढराही निव्वळ पांढरा लावू नका, त्यात किंचित ऑकर घाला. इतक्या लहान आकारावर शुद्ध पांढरा चुन्यासारखा दिसतो आणि सगळे बारकावे गिळतो. प्राइमर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो तोच चालतो, फक्त थिनर जास्त घालून पातळ मारावा. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारण्याच्या भानगडीत पडू नका. हवेतला ओलावा थरात अडकतो आणि काळ्या हलवर पांढरट धुके बसते. मारायचेच असेल तर खोलीत तासभर आधी हीटर किंवा डीह्युमिडिफायर लावा, किंवा सरळ पावसाची उघडीप मिळाल्यावर दुपारी मारा. काळा हल निवडणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावे, पांढऱ्यावर ते खपून जाते.

तोफा उत्तम आहेत. पुढे-मागे एकेक ९.२ इंची आणि दोन्ही बाजूंना मिळून दहा ६ इंची. ९.२ इंची तोफेची नळी ३१.५ कॅलिबरची (लांबी भोकाच्या व्यासाच्या ३१.५ पट), मॉडेलवर २१ मिमी, आणि किटमध्ये ती तेवढीच भरते. ६ इंचीच्या नळ्या मात्र प्रिंट करताना तोंडाशी जाड झाल्या आहेत. देवळालीला तोफखान्याची शाळा असलेल्या गावात ही गोष्ट नजरेतून सुटणार नाही. बदलायच्या असतील तर औषधाच्या दुकानातली २१ गेजची सुई घ्या. तिचा बाहेरचा व्यास ०.८ मिमी, आतले भोक ०.५ मिमी. ६ इंची तोफेचे भोक या प्रमाणात ०.४४ मिमी येते, म्हणजे सुई बरोब्बर कामाची. टोक कानशीने घासून सपाट करा आणि ११ मिमीवर कापा. पक्कडीने कापलीत तर भोक चेपते, पातळ कटिंग डिस्क वापरा.

आणि इथेच पुन्हा विषयाचा प्रश्न येतो. नांगरावरच्या तटस्थ जहाजावर ही भोके दिसावीतच कशाला? तोफा लांबीच्या दिशेने बांधून ठेवलेल्या आणि तोंडात लाकडी बूच. माहितीपत्रकातल्या चित्रात सगळ्या तोफा बाजूला वळवलेल्या आहेत. दुसऱ्याच्या वेढ्यात पाहुणा म्हणून उभ्या असलेल्या जहाजाने बाजूच्या तोफा रोखणे म्हणजे युद्धाला आमंत्रण. ९.२ इंची तोफा नाळेच्या आणि पिछाडीच्या रेषेत ठेवा, ६ इंची शक्य तितक्या बाजूला समांतर वळवा, आणि तोंडावर गडद तपकिरी रंगाचा एक ठिपका द्या. सुईचा खटाटोप वाचला.

माणसेही अशीच. चोवीस आकृत्या दिल्या आहेत, बहुतेक तोफांशी वाकलेल्या. उंची सहा मिमी, म्हणजे एकेक खलाशी सात फुटी. पाच मिमीच्या वर जाता कामा नये. पायाकडून एक मिमी घासून काढा, वाकलेल्यांपैकी अर्धे कठड्याशी टेकवून उभे करा आणि पुलावर (जहाज चालवायच्या मंचावर) दोघे-तिघे ठेवा. जहाजावर ४८४ माणसे होती. शहरावर तोफा चालू असताना त्यातली बरीचशी कठड्याला लागून बघत असणार.

आता ७५० रुपयांच्या पायाबद्दल. तो घेऊ नका. पायावर नाळेशी फुटलेली मोठी लाट आणि मागे लांब फेसाचा पट्टा कोरला आहे, जहाज पूर्ण वेगात निघाल्यासारखा. या जहाजाचा कमाल वेग १८ नॉट, आणि पाया त्याच वेगाचा आहे. मनिलात ती महिनोन्‌महिने नांगरावर होती. १३ ऑगस्टच्या सकाळी ती हलली हे खरे, पण सावकाश.

म्हणून सामान कापायला घेण्याआधी तारीख ठरवा. दोनच शक्यता आहेत आणि दोन्हींची मांडणी वेगळी होते.

पहिली: मे ते जुलैमधला कुठलाही दिवस. जहाज नांगरावर, डेकवर उन्हासाठी कनाती ताणलेल्या, बाजूला आडवे बूम (लांब वासे) बाहेर काढलेले आणि त्यांना होड्या बांधलेल्या, बाजूची शिडी खाली सोडलेली. किटमध्ये यातली शिडी तेवढी आहे, बाकी काही नाही. आठही होड्या दावितांवर टांगलेल्या दिल्या आहेत. दोन उतरवून पाण्यात ठेवा. बूमसाठी ०.३ मिमीची पितळी तार २८ मिमी लांब कापली की खऱ्या मापाने दहा मीटरचा बूम झाला. ही तार, ०.४ मिमीची ड्रिल बिटे, बारीक चिमटे आणि सुईसारख्या कानशी सराफ बाजाराच्या बाजूला सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्यांकडे मिळतात, आणि मॉडेलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या हत्यारांपेक्षा दर्जाला उजवी असतात. कनातींसाठी पतंगाचा पांढरा कागद घ्या. एकास तीन पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवा, तारेच्या चौकटीवर टाका आणि मधोमध किंचित झोळ येऊ द्या. ताठ कनात पत्र्यासारखी दिसते. पितळी शीटमधली शिडी सरळ आहे, तिच्या पायऱ्या नखाने एकेक वळवाव्या लागतात. वळवण्याआधी पितळ मेणबत्तीवर क्षणभर धरून मऊ करा, नाहीतर तिसऱ्या पायरीला तुटते.

नांगराची साखळी डेकवर कोरलेली आहे, हलबाहेर लोंबणारी नाही. जुन्या मोटरच्या वाइंडिंगमधली ०.१ मिमी तांब्याची तार दुहेरी पिळा आणि पक्कडीने हलकेच चेपा. या मापावर ती साखळीच दिसते. नाळेच्या भोकातून ती पुढे तिरकी पाण्यात जाऊ द्या. वाऱ्यामुळे नांगरावरचे जहाज नाळ वाऱ्याकडे करून उभे राहते, तेव्हा साखळी पुढे आणि सगळी निशाणे पिछाडीकडे. बूमच्या होड्याही पिछाडीकडे ओढलेल्या. या तीन गोष्टी एका दिशेला असल्या की पाहणाऱ्याला जहाज नांगरावर आहे हे न सांगता कळते. एखादी जरी उलटी गेली तरी काहीतरी खटकते, आणि काय ते सांगता येत नाही.

दुसरी शक्यता: १३ ऑगस्टची सकाळ. ड्यूई आणि अमेरिकन फौजेचा सेनापती जनरल मेरिट यांनी ७ तारखेला शहराला ४८ तासांची मुदत दिली. मग परदेशी जहाजांनी जागा बदलल्या. ब्रिटिश आणि जपानी जहाजे काविते बाजूला अमेरिकनांजवळ आली, जर्मन आणि फ्रेंच शहराच्या बाजूलाच राहिली. १३ला अमेरिकन जहाजांनी मालाते इथल्या सान अंतोनिओ आबाद किल्ल्यावर मारा सुरू केला, आणि 'इमॉर्तालिते' व तिच्या सोबतची ब्रिटिश क्रूझर 'इफिजेनिया' शहराच्या दिशेने सरकल्या. माहितीपत्रक सांगते की चिचेस्टरने आपले जहाज जर्मन आणि अमेरिकन यांच्यामध्ये आडवे घालून जर्मनांना रोखले. ही गोष्ट पुढे खूप गाजली, पण तिच्यात नंतरचा रंग जास्त आहे. त्या जागेवरून माऱ्याचा परिणाम नीट दिसत होता, आणि निरीक्षक म्हणून आलेल्या कॅप्टनला तेवढे कारण पुरेसे आहे. पत्रकातली ती दोन वाक्ये वर्कशॉपने काढावीत. जहाजाचे खरे काम सांगितले तर त्याची शोभा कमी होत नाही.

ही तारीख घेतली तर कनाती गुंडाळलेल्या, होड्या दावितांवर, बूम आत, नांगर वर. नाळेशी लाट फक्त एक बारीक पांढरी रेघ. ऑगस्ट तिथेही पावसाळ्याचाच, तेव्हा पाणी निळेशार नको. पासिग नदी तिथेच समुद्राला मिळते. गढूळ हिरवट करडे पाणी ठेवा, पुराच्या दिवसांत रामकुंडाशी गोदावरी जशी दिसते त्यापेक्षा हिरवट. पाया घरीच करा: ५ मिमी अ‍ॅक्रिलिक शीट, त्यावर टिश्यू पेपर आणि पातळ फेव्हिकॉलचे सुरकुतलेले थर, मग रंग, वर ग्लॉस वार्निशचे तीन हात. दीडशे रुपयांत काम होते.

निशाणांची शीट अर्धी बरोबर. व्हाइट एन्साइन (ब्रिटिश आरमाराचे निशाण) आहे आणि छान छापला आहे. नांगरावर नाळेशी लागणारा युनियन जॅक दिलेलाच नाही, तो छापून घ्यावा लागेल. हलत्या जहाजावर तो लागत नाही, म्हणून १३ ऑगस्टवाल्यांची सुटका. शिवाय एक अमेरिकन निशाण आहे, आणि ते दिल्याबद्दल वर्कशॉपचे खास कौतुक, कारण हे तपशील वाचणाऱ्यालाच सुचते. शहर पडल्यावर 'इमॉर्तालिते'ने अमेरिकन निशाणाला २१ तोफांची सलामी दिली, आणि अशी सलामी देताना ज्याला मान द्यायचा त्याचे निशाण मुख्य डोलकाठीवर चढवतात. मात्र छापलेल्या निशाणावर ४८ तारे आहेत. १८९८ साली ४५ होते, आठ-सात-आठ-सात अशा सहा ओळींत. नऊ मिमीच्या निशाणावर हे भिंगाशिवाय दिसत नाही, पण ४८चे तारे सरळ चौकटीत असतात आणि ४५चे एकाआड एक सरकलेले, त्यामुळे जवळून पाहणाऱ्याला पोत वेगळा जाणवतो. डिकॅल (शीटवरून सोडवून चिकटवायचे छापील निशाण) थेट दोरीवर डकवू नका. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर दोन्ही बाजूंनी बसवा, सुकल्यावर कापा आणि टूथपिकवर वळवून लाटा द्या.

दोरकामाचा धागा किटमध्ये आहे तो नायलॉनचा, ०.२ मिमी. प्रत्यक्षात सात सेंटिमीटर जाड दोर झाला. फेकून द्या. येवल्याच्या पैठणी विणकरांकडे मिळणारा कच्च्या रेशमाचा २०-२२ डेनिअरचा एकेरी धागा ०.०५ मिमीचा असतो, निशाणाच्या दोऱ्यांना त्याहून चांगले काही नाही. रेशीम सलग तंतूचे, त्याला सुतासारखी लव नसते. डोलकाठ्यांच्या तणाव्यांना तोच चार पदरी पिळून घ्या. गडद करून, मेणावरून एकदा ओढून मग बांधा. सुपरग्लू सुईच्या टोकाने लावा. पावसाळ्यात तो क्षणात धरतो आणि आजूबाजूला पांढरी भुकटी सोडतो, मार्चच्या कोरड्या हवेत बराच वेळ ओला राहतो. दोन्ही ऋतूंत धाग्याचा सैलपणा तपासूनच थेंब टाका.

वर्कशॉपची सेवा चांगली. मोडका भाग फोटो पाठवून कळवला की बदली भाग विनामूल्य येतो, डोलकाठ्या मागितल्या तर दोन जास्तच पाठवतात. जोडणीपत्रक मराठीत आहे, पायऱ्यांचा क्रम योग्य आहे. फक्त अकराव्या पायरीत धुराड्यांआधी कठडे लावायला सांगितले आहे, ते उलट करा, नाहीतर धुराडे बसवताना मधले कठडे हमखास वाकतात.

एकूण साठ ते ऐंशी तासांचे काम आहे. पहिलेच रेझिन किट असेल तर नांगरावरची मांडणी घ्या. कनातींमुळे डेकवरच्या जोडणीतल्या बऱ्याच चुका झाकल्या जातात. सरावलेल्या हातांनी १३ ऑगस्ट घ्यावी.